दुरुस्तीचे गद्य मराठीत का नाही?

मराठीत श्रमाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. दुरुस्तीविषयी जवळजवळ काहीच नाही. घाम, घट्टे, भोंगा, भाकरी, संप या शब्दांना आपल्या कवितेत आणि कथेत मानाचे स्थान मिळाले, आणि ते मिळायलाच हवे होते. परंतु बिघडलेल्या यंत्रासमोर बसलेला माणूस नेमका काय विचार करतो, कोणत्या खुणेवरून कोणते अनुमान काढतो, त्यांपैकी कोणते टाकून देतो आणि का, याचा माग घेणारे मराठी गद्य शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. कामगाराचा हात आपण गौरवला. त्या हाताला वाट दाखवणाऱ्या बुद्धीची दखल घेणे राहून गेले. हा विचार आम्हांला सुचला तो कोणत्या ग्रंथाच्या वाचनातून नव्हे. भंडारा जिल्ह्यातल्या एका गावी, घराच्या ओसरीत, झिजलेल्या चेनसॉचे इंजिन आम्ही पहिल्यांदाच उघडले आणि दुरुस्त केले, त्या चार-पाच दिवसांत तो हळूहळू आकाराला आला.

भंडारा हा झाडीपट्टीचा जिल्हा. (१ मे १९९९ रोजी वेगळा झालेला गोंदियाही तोवर याच जिल्ह्यात होता.) प्रदेशाचे नावच झाडांवरून पडलेले. इथल्या धानाच्या बांध्यांच्या धुऱ्यांवर बाभूळ, पळस, मोह, साग उभे असतात. वादळात त्यांतले एखादे आडवे होते, एखाद्याची फांदी कौलांवर येते, आणि पावसाळ्याआधी सरपण फोडून ठेवावे लागते ते वेगळेच. ही कामे पूर्वी कुऱ्हाडीने आणि दोघांनी मिळून ओढायच्या करवतीने होत. आता ती पेट्रोलवर चालणाऱ्या चेनसॉने होतात. झाडांच्या प्रदेशात झाड कापणाऱ्या यंत्राची सेवा करणे कितपत उचित, हा प्रश्न वाचकांच्या मनात येईल, आमच्याही आला. मालकीच्या जमिनीवरची झाडे तोडण्यावरही १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) कायद्याचे बंधन आहे, हे खरे. पण कुऱ्हाडीला जो वेळ लागे तोही एक प्रकारचा कायदाच होता, आणि तो यंत्राने रद्द केला. तरीही जुने यंत्र फेकून नवे आणल्याने एकही झाड वाचत नाही. तेव्हा प्रश्न महत्त्वाचा असला तरी दुरुस्तीच्या विरुद्ध जाणारा नाही, एवढे नोंदवून पुढे जातो.

यंत्राची तक्रार अशी होती : सकाळी थंड असताना दहा-बारा वेळा दोरी ओढल्यावर ते चालू होई, एकदा तापून बंद पडले की काही केल्या पुन्हा चालू होत नसे, आणि चालू असतानाही जाड खोडात बार घातला की दम सोडी. शहरातल्या एका विक्रेत्याने ते हातात घेतले, दोरी एकदा ओढली आणि ‘यात आता काही राहिलं नाही, नवीन घ्या’ असे सांगितले. निदान म्हणून हे वाक्य अगदीच खोटे नव्हते. इंजिनात कॉम्प्रेशन राहिले नव्हतेच. पण कॉम्प्रेशन गेले हे कळणे ही चौकशीची सुरुवात आहे. ते कशामुळे गेले हे विचारायच्या आत तिथे चौकशी संपवण्यात आली, यावर आमचा आक्षेप आहे.

कॉम्प्रेशन पाहण्याची घरगुती रीत सोपी आहे. यंत्र बंद ठेवून दोरीच्या मुठीला धरून उचलायचे. निरोगी इंजिन आपले वजन काही क्षण तोलून धरते आणि मग थांबत थांबत उतरते. आमचे यंत्र विहिरीत सोडलेल्या बादलीसारखे सरळ खाली आले. गेज लावून मोजले तर अशा इंजिनात दर चौरस इंचाला साधारण १४० ते १६० पौंड दाब मिळायला हवा. तो १०० च्या खाली गेला की दोरी ओढणाऱ्याचे खांदे तेवढे दुखतात.

इथे इंजिनाच्या रचनेविषयी थोडे सांगणे भाग आहे. चेनसॉचे इंजिन टू-स्ट्रोक असते. त्याला मोटारीच्या इंजिनासारख्या झडपा नसतात. सिलिंडरच्या भिंतीतच खिडक्या असतात : एक कार्बोरेटरकडची, एक सायलेन्सरकडची, आणि खालच्या क्रँकच्या कप्प्यातून वर येणाऱ्या वाटांच्या. वर-खाली होणारा पिस्टन हाच या सर्व खिडक्यांचा दरवाजा. पिस्टन वर जातो तेव्हा खालच्या कप्प्यात पेट्रोल आणि हवा ओढली जाते. तो खाली येतो तेव्हा तेच मिश्रण वर ढकलले जाते. ऑईलची वेगळी टाकी, वेगळा पंप, वेगळी जाळी यांपैकी काही नाही. ऑईल पेट्रोलमध्येच कालवलेले. चांगले टू-टी ऑईल असेल तर पन्नासास एक, म्हणजे लिटरला २० मिली. साधे असेल तर पंचविसास एक, म्हणजे ४० मिली. एकच प्रवाह इंजिनाचे अन्नही आहे, वंगणही आहे आणि काही अंशी त्याला थंड ठेवणारा वाराही आहे. सोपेपणाचे हे टोक गाठल्यामुळेच हे इंजिन हातात धरून झाडावर चढता येईल इतके हलके होते. मात्र त्याची किंमत अशी, की हवेबरोबर जे काही आत शिरेल ते बेअरिंगवरून, पिस्टनच्या अंगावरून, रिंगवरून फिरून मगच बाहेर पडते.

तालुक्याच्या गावी लुना आणि राजदूतच्या काळापासून टू-स्ट्रोक इंजिने उघडत आलेले एक वृद्ध मिस्त्री आहेत. आता त्यांची नजर अधू झाली आहे आणि दुकान मुलाने मोबाइलचे केले आहे. आम्ही यंत्र घेऊन गेलो तेव्हा त्यांनी हात लावला नाही, एवढेच म्हणाले, ‘भाऊ, पिस्टन काय पाहाता? पिस्टनले कोनं खाल्लं थे पाहा.’ साहित्यसमीक्षेत कार्यकारणभावाविषयी जे पानेच्या पाने लिहिले जाते, त्यातले बरेचसे या वाक्यात बसते असे आम्हांला वाटते. पुढचे सर्व काम या एका सूचनेचा विस्तार होता.

सायलेन्सरचे दोन बोल्ट काढले की इंजिन न उघडताच खिडकीतून पिस्टनची एक बाजू दिसते. नव्याने हे काम करणाराला आमची पहिली शिफारस हीच : काहीही सुटे करण्याआधी इथून पाहावे. टू-स्ट्रोक पिस्टन मरतो तो मुख्यतः दोन प्रकारे. ऑईल कमी पडले, किंवा कुठून तरी जादा हवा शिरून मिश्रण पातळ झाले, की उष्णता वाढते. सर्वांत तापणारी बाजू सायलेन्सरची, म्हणून ओरखडे आधी तिथे उठतात. हे ओरखडे उभे, खोल आणि चकचकीत असतात. पिस्टनचे ॲल्युमिनियम वितळल्यासारखे होऊन सिलिंडरला चिकटते. धुळीने होणारा मृत्यू वेगळा. तो सावकाश येतो आणि कार्बोरेटरच्या बाजूने येतो. तिथे पिस्टनचे अंग राखाडी, निस्तेज, पॉलिश पेपरने घासल्यासारखे होते. नव्या पिस्टनवर लेथच्या बारीक आडव्या रेषा असतात. धूळ त्या पुसून टाकते.

आमच्या यंत्रात सायलेन्सरच्या बाजूच्या रेषा जवळजवळ शाबूत होत्या. कार्बोरेटर काढून पलीकडून पाहिले तर तिथे त्यांचा मागमूस नव्हता. म्हणजे ‘ऑईल नीट घातलं नसेल’ हा जो आरोप असल्या यंत्राच्या मालकावर सर्वप्रथम केला जातो, तो इथे टिकणारा नव्हता. पिस्टनच साक्ष देत होता. (विक्रेत्यांना हा आरोप फार प्रिय असतो, कारण त्यात हमीची मुदतही संपते आणि संभाषणही.)

मग धूळ आली कुठून? एअर फिल्टर तर फाटलेला नव्हता. तो काढून उजेडात धरला; कापड धडधाकट होते. परंतु फिल्टरच्या रबरी काठावर, एकाच अंगाला, राखाडी पावडरीची बारीक रेघ होती, आणि तीच रेघ कार्बोरेटरच्या तोंडात आतपर्यंत गेलेली होती. हवा कापडातून न जाता काठाच्या बाजूने जात होती. काठ त्या अंगाला का टेकत नव्हता याचे उत्तर वरच्या झाकणात सापडले : झाकण आवळणाऱ्या प्लॅस्टिकच्या नटाचे आटे गेले होते. नट फिरे, आवळल्यासारखा वाटे, आणि झाकण एका बाजूने सैल राही. वाळलेल्या सागाचा भुसा आणि उन्हाळ्यातल्या गाडरस्त्याची माती त्या फटीतून किती काळ आत जात होती कोण जाणे. काही रुपयांच्या नटाने हजारो रुपयांचे यंत्र खाल्ले. नवा पिस्टन आणि नवी रिंग बसवून, नट तसाच ठेवून, यंत्र परत केले असते तर ते उत्तम चालले असते, आणि दुसऱ्या हंगामात पुन्हा तिथेच आले असते. सुटे भाग बदलणे आणि दुरुस्त करणे यांतला फरक आमच्या मते एवढाच आहे, पण तो फार मोठा आहे.

इंजिन उघडण्याच्या प्रक्रियेचे संपूर्ण वर्णन येथे करत नाही. काही बाबी मात्र सांगायला हव्यात, कारण त्या विचार करून सुचणाऱ्या नाहीत. क्लच काढायचा तर क्रँक जागी अडवून धरावा लागतो. त्यासाठी प्लगच्या भोकातून गाठी मारलेली दोरी आत सोडतात, म्हणजे पिस्टन वर येऊन तिच्यावर टेकतो आणि धातूला धातू लागत नाही. क्लचचे आटे बहुतेक चेनसॉत उलटे असतात. घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर तो सुटतो. कारण उघड आहे : इंजिनाच्या फिरण्याने तो सुटू नये, उलट आवळत जावा. पण हे कारण सांगितल्यावर उघड आहे. ज्याला कोणी सांगितले नाही तो सगळा जोर लावून तो अधिकच घट्ट करील आणि शेवटी मोडील. तसेच पिस्टनच्या डोक्यावरचा बाण सायलेन्सरकडे ठेवायचा, आणि रिंगची दोन टोके खाचेतल्या बारीक पिनेशी आणायची. ती पिन नसती तर रिंग फिरत फिरत तिचे टोक एखाद्या खिडकीत अडकले असते, आणि मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेणाऱ्या इंजिनात टोक अडकणे म्हणजे काय हे सांगायला नको. गजन पिनेच्या दोन्ही बाजूंची तारेची लॉक जुनी कधी परत वापरायची नाहीत. खालच्या कप्प्याच्या तोंडात स्वच्छ फडके कोंबून ठेवायचे, नाही तर निसटलेले लॉक नेमके तिथेच जाते.

जुनी रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवून तिच्या टोकांतली फट फिलर गेजने मोजली. नव्या रिंगला ती पाव मिलीमीटरच्या आसपास दिसली. जुनीची मिलीमीटरहून जास्त भरली. झिजेला असा आकडा मिळाला की मनातली धूसर तक्रार एकदम ठोस होते. सिलिंडर मात्र वाचला होता. नखाने चाचपून पाहिले तर आतल्या थराला कुठे कड लागली नाही, कुठे पोपडा नव्हता.

या थराविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण खरा वाद तिथे आहे. १९७२ साली बाजारात आलेल्या लुनाची, किंवा त्या काळातल्या इतर टू-स्ट्रोक गाड्यांची दुरुस्ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना ‘बोअर करणे’ हा शब्दप्रयोग ठाऊक असेल. बिडाचा सिलिंडर झिजला की तो लेथवाल्याकडे नेऊन आतून किंचित मोठा करून आणायचा आणि त्यात पाव किंवा अर्धा मिलीमीटर मोठा पिस्टन घालायचा. हे तीन-चार वेळा करता येई. म्हणजे झीज होणार हे गृहीत धरून ते यंत्र बनवलेले होते, आणि जिल्ह्याच्या ठिकाणचा लेथवाला त्या रचनेतच सामावलेला होता. चेनसॉचा सिलिंडर ॲल्युमिनियमचा असतो. त्याच्या आतून क्रोमचा किंवा निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा कठीण थर दिलेला असतो, मिलीमीटरच्या दहाव्या भागाहूनही पातळ. हा थर झिजायला फार वेळ घेतो, वजन वाचवतो, उष्णता पटकन सोडतो. अभियांत्रिकीच्या दृष्टीने तो सरस आहे यात शंका नाही. पण तो एकदा सोलला की लेथवाला काही करू शकत नाही. सिलिंडर फेकायचा. सरस यंत्राने लेथवाल्याला व्यवहारातून वगळले, आणि हे कोणी दुष्टपणाने केले असेही म्हणता येत नाही.

म्हणूनच ‘दुरुस्तीचा हक्क’ या नावाने जी चर्चा चालते ती आम्हांला अपुरी वाटते. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये या विषयावर समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने ही चार क्षेत्रे तिने विचारात घेतली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यासाठी एक संकेतस्थळही सुरू झाले. कंपन्यांनी सुटे भाग द्यावेत, पुस्तिका खुल्या कराव्यात, बाहेरच्या मिस्त्रीकडे गेल्याबद्दल हमी नाकारू नये, या मागण्या रास्तच आहेत. परंतु आमच्या यंत्राचा पिस्टन-सेट बाजारात आधीपासूनच मिळत होता, नव्या यंत्राच्या किमतीच्या दहाव्या हिश्शाहून कमी पैशांत. जे मिळत नव्हते ते राखाडी रेघेचा अर्थ सांगणारे ज्ञान, आणि ते कोणत्याही कायद्याच्या अनुसूचीत घालता येत नाही. ते कोणाच्या तरी डोक्यात असते. आज ते ज्यांच्या डोक्यात आहे ती पिढी दुकाने बंद करते आहे, कारण प्रदूषणाचे नियम कडक होत गेल्यावर टू-स्ट्रोक दुचाक्या रस्त्यावरून गेल्या आणि त्यांच्याबरोबर शिकाऊ पोरेही गेली. चेनसॉ, फवारणी पंप, गवत कापायची यंत्रे यांच्या रूपाने टू-स्ट्रोक इंजिन मात्र शेतात नव्याने येऊन बसले आहे. इंजिने आली आणि त्यांना ओळखणारे गेले.

आता भाषेकडे वळू. हे ज्ञान मराठीत लिहिलेले का नाही? एक कारण परिभाषेचे सांगितले जाते. पिस्टनला आपल्या विश्वकोशात आणि पाठ्यपुस्तकांत ‘दट्ट्या’ म्हटले आहे. शब्द वाईट नाही; त्याला वजन आहे आणि तो मराठी आहे. पण ज्याच्या हातात पिस्टन असतो त्याच्या तोंडी तो नाही, आणि ज्याच्या तोंडी आहे त्याच्या हातात पिस्टन नाही. मिस्त्रींची भाषा ‘बोअर’, ‘पॅकिंग’, ‘गजन पिन’, ‘लॉक’, ‘आटे गेले’, ‘दम सोडते’ अशी आहे. तिच्यातली नामे परकी आणि क्रियापदे अस्सल देशी. आमच्या मते यंत्राचे मराठी या क्रियापदांत आहे. रिंग ‘चावते’, इंजिन ‘धरते’, सील ‘पाझरते’, नट ‘फिरतो पण धरत नाही’. भाषांतरकारांनी नामांच्या मागे लागून पन्नास वर्षे घालवली आणि क्रियापदे गॅरेजमध्येच राहिली.

दुसरे कारण अधिक जुने आहे. त्रिं. ना. आत्र्यांच्या १९१५ च्या ‘गावगाडा’त सुतार-लोहारांच्या बलुत्याचे जे तपशील येतात, त्यांवरून एक गोष्ट ध्यानात येते : बलुते हा विक्रीचा मोबदला नव्हता, शेतकऱ्याची अवजारे वर्षभर चालती ठेवण्याचा होता. दुरुस्ती ही गावाच्या अर्थव्यवस्थेतली कायमची जागा होती. पण ती जातीत कोंडलेली जागा होती, आणि लिहिणारी माणसे त्या जागेच्या बाहेर होती. जी करतात ती लिहीत नाहीत आणि जी लिहितात ती करत नाहीत, ही फाळणी यंत्रयुगातही तशीच उतरली. तिला एक सन्माननीय अपवाद आठवतो. सायकलचे दुकान आणि लोखंडी नांगर इथून सुरुवात केलेल्या किर्लोस्करांच्या कारखान्यातून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाली ती मुळात कारखान्याची आणि त्याच्या मालाची माहिती देणारी पत्रिका म्हणून. पुढे तिचे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, कथा-लेख आले, मराठी मध्यमवर्गाच्या घडणीत तिचा मोठा वाटा आहे. मात्र या प्रवासात नांगर मागे पडला आणि साहित्य पुढे आले, आणि आपण याला प्रगती म्हटले. एकाच अंकात कथा आणि पंपाची देखभाल शेजारी शेजारी नांदू शकतात, ही शक्यता त्यानंतर कोणी गंभीरपणे घेतलेली दिसत नाही.

इंग्रजीत रॉबर्ट पर्सिगचे मोटारसायकलच्या देखभालीवरचे १९७४ चे पुस्तक आहे, आणि आपल्याकडच्या वाचकांनी ते आवडीने वाचले आहे. त्याविषयी आदर राखून सांगावेसे वाटते, की त्यातले तत्त्वज्ञान आपण उचलले आणि मोटारसायकल तिथेच ठेवली. कोणी त्या पुस्तकावर मराठीत लिहिले की ‘गुणवत्ता’ या संकल्पनेची चर्चा होते. चेन किती सैल ठेवावी याची होत नाही.

आमच्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की सुशिक्षित माणसाने घरी बसून यंत्र उघडणे हा फुरसतीचा छंद आहे, आणि तो मिस्त्रीच्या पोटावर पाय देतो. फुरसतीची गोष्ट खरी आहे. ज्याचे रोजचे पोट त्या करवतीवर आहे त्याला पाच दिवस ती ओसरीत सुटी करून ठेवणे परवडत नाही. पण त्याच कारणाने, ज्याला वेळ आणि लिहिण्याची सवय दोन्ही आहेत त्याच्यावर पाहिलेले नोंदवून ठेवण्याची जबाबदारी अधिक येते. मिस्त्रीच्या पोटावर पाय दिला तो ‘नवीन घ्या’ या वाक्याने. दुसरा आक्षेप धोक्याचा. तो आम्हांला पूर्ण मान्य आहे. चेनसॉ हे माणसाचा पाय क्षणात कापणारे यंत्र आहे. दुरुस्तीनंतर चेनचा ब्रेक लागतो की नाही, मोकळ्या चालीवर चेन थांबून राहते की नाही, हे पाहिल्याशिवाय ते कोणाच्या हाती देऊ नये. आणि क्रँकची बेअरिंगे घरी बदलण्याच्या फंदात पडू नये; त्यासाठी प्रेस लागतो. क्रँक वर-खाली हलवून खडखड जाणवली तर घरची हद्द तिथे संपते. आमच्या यंत्रात ती जाणवली नाही.

जोडणी झाल्यावर कुठून हवा गळते का हे तपासायला कारखान्यात वेगळा पंप असतो. आम्ही रक्तदाब मोजण्याच्या जुन्या उपकरणाचा रबरी फुगा आणि तबकडी वापरली. सायकलच्या ट्यूबचे तुकडे लावून दोन्ही खिडक्या बंद केल्या, प्लगच्या भोकातून ३०० पर्यंत हवा भरली, आणि दोन्ही ऑईल सीलांवर साबणाचे पाणी सोडले. काटा जागचा हलला नाही. यात आम्हांला झालेला आनंद मासिकात छापून आलेल्या पहिल्या लेखाच्या तोडीचा होता, हे संकोच बाजूला ठेवून सांगतो.

शेवटी कार्बोरेटर. त्याचा डायफ्रॅम कडक झाला होता, तो बदलला. येथे पेट्रोलविषयी एक सूचना आवश्यक आहे. २०२५ पासून देशभर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. (हे इथेनॉल उसाप्रमाणेच मका आणि तांदूळ यांपासूनही बनते, हे धानाच्या जिल्ह्यातल्या वाचकांना सांगायला नको.) इथेनॉल हवेतली ओल शोषते. पावसाळाभर टाकीत राहिलेल्या पेट्रोलमधून पाणी आणि इथेनॉल वेगळे होऊन तळाशी बसू शकते. टाकीतली नळी तळातूनच ओढते. आणि त्या तळच्या द्रवात ऑईल जवळजवळ नसते. म्हणजे मालकाने ऑईल मोजून घातलेले असूनही इंजिनाला ते मिळत नाही, आणि पिस्टनवर ऑईल न घातल्याच्या खुणा उमटतात. झिजेचे वाचन करणाऱ्याने आता हा नवा पाठभेद ध्यानात ठेवला पाहिजे. हंगाम संपला की टाकी रिकामी करून, उरलेले पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून मगच ते ठेवावे.

कार्बोरेटरचे स्क्रू फिरवून मिश्रण बसवायचे ते कानाने. पूर्ण रेस दिल्यावर, लाकडाला न लावता, नीट बसवलेले इंजिन किंचित अडखळते. त्या आवाजात एक जाडसर, ओलसर अडथळा असतो, आणि बार लाकडात शिरला की तो नाहीसा होऊन सूर स्वच्छ लागतो. मिश्रण पातळ असेल तर आवाज मोकळ्या हवेतच बारीक, टोकदार आणि ऐकायला फार गोड होतो. तो गोड आवाज पिस्टनच्या मरणाचा असतो. या अडखळण्याला इंग्रजीत शब्द आहे. आम्ही त्याला तूर्त ‘फडफड’ म्हणतो, पण फडफड कोरडी असते आणि हा आवाज तसा नाही. लुना-राजदूतच्या गॅरेजात वाढलेल्या कोणा वाचकाला त्यासाठी तिथे रुळलेला नेमका शब्द आठवत असेल, तर तो आम्हांला हवा आहे.